शंका विचारणाऱ्यांचा इतिहास



विज्ञानाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे उत्तरे देणाऱ्यांचा इतिहास सांगावयाचा, अशी आपल्याकडे वहिवाट पडून गेली आहे. कोणी काय शोधले, कोणत्या साली शोधले, त्याला कोणते पारितोषिक मिळाले, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण उत्तराच्या आधी प्रश्न असतो आणि प्रश्नाच्या आधी तो विचारणारा माणूस असतो. हा माणूस इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. तो कोण होता, त्याने कोणाला विचारले, कोणत्या भाषेत विचारले, आणि त्याला उत्तर मिळाले की ‘गप्प बैस’ म्हणून परत पाठविण्यात आले, ह्याचा शोध मुख्यत्वे आपल्या मराठी मुलखात घ्यावा, असा आज माझा विचार आहे.

मी विद्यापीठातला माणूस नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांत शिकलो. तेव्हा ह्या विषयाकडे मी कामगाराच्या बाजूने पाहतो, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

आपल्या भाषेत आधुनिक विज्ञानाची पहिली पावले पडली ती, गंमत अशी की, प्रश्नोत्तरांच्या वाटेनेच पडली. १८३० नंतरच्या दहा वर्षांत मुंबईच्या हरि केशवजी पाठारे यांनी पदार्थविज्ञान आणि रसायन ह्या विषयांवरील संवादरूप पुस्तके इंग्रजीवरून मराठीत आणली. शिष्याने विचारावे, गुरूने सांगावे, अशी ही धाटणी. इंग्लंडात ती तेव्हा फार लोकप्रिय होती. जेन मार्सेट नावाच्या बाईंनी १८०६ साली रसायनशास्त्रावरची आपली संभाषणे प्रसिद्ध केली होती. त्यांत दोन मुली प्रश्न विचारतात आणि एक बाई त्यांचे समाधान करतात.

ह्या पुस्तकाने काय घडविले पाहा. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या एका दुकानात लोहाराचा एक मुलगा उमेदवारी करीत होता. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचून काढी. त्यांत मार्सेटबाईंचे पुस्तक त्याच्या हाती लागले. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, ती स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठवून दिली. पुढच्याच वर्षी त्याला त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी मिळाली. हाच मायकेल फॅरडे. १८३१ साली त्याने जे तत्त्व शोधले, त्याच तत्त्वावर आपल्या जवळच्या कोराडीची आणि खापरखेड्याची वीज तयार होते. ज्या गिऱ्हाइकाने ती तिकिटे दिली, त्याने जगावर केवढे उपकार केले ह्याची त्याला कल्पनाही नसेल.

असो. आपल्या संवादरूप पुस्तकांत मात्र एक उणीव होती. त्यांतला शिष्य लेखकाने घडविलेला होता. ज्या प्रश्नाचे उत्तर लेखकापाशी तयार आहे तेवढाच प्रश्न तो विचारी. खरा माणूस तसा नसतो. तो भलतेच विचारतो, अर्धवट विचारतो, आणि कधी कधी असे विचारतो की उत्तर देणाऱ्याला घाम फुटावा.

१८४० साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. मराठीतले हे पहिले मासिक. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी सभा स्थापन केली; तिच्यातून मराठी आणि गुजराती लोकांसाठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. दादाभाई नौरोजी ह्याच मंडळींतले. ह्या सभांत स्वभाषेत निबंध वाचले जात, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघू लागले. पुढे १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आज आपण ज्या मांडवाखाली बसलो आहोत तो त्याच वंशातला. ही सगळी कामे मोलाची. पण येथे विषय कोण ठरवी? वक्ता. श्रोता कोण? ज्याला संध्याकाळी फुरसत आहे आणि ज्याला वाचता येते तो. दिवे लागेपर्यंत यंत्रावर उभा असलेला माणूस ह्या सभांत येणार कोठून?

हे ज्यांच्या प्रथम ध्यानी आले त्यांत जोतीराव फुले होते. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तीही संवादरूपाने. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. पण येथला प्रश्न निराळा आहे. ‘हे असे का आहे?’ एवढ्यावर तो थांबत नाही. ‘हे असे असल्याने कोणाचा लाभ होतो?’ हेही तो विचारतो. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात डोंगरावरून वाहून जाणारी सुपीक माती ताली-बंधारे घालून अडवावी, असे त्यांनी सुचविले. आज ज्याला आपण मृद्संधारण म्हणतो त्याचा विचार एका शेतकऱ्याच्या अनुभवातून आणि त्याच्या शंकेतून निघाला. जोतीरावांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवून मागण्यांचे निवेदन तयार केले, आणि १८९० साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. ह्या सुटीची गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता आपल्या नागपुराकडे वळू. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचा एक स्कॉटिश मिशनरी येथे आला. धर्मप्रसार आणि शाळा हे त्याचे काम. पण त्याला दगडांचे वेड होते. नागपूरच्या परिसरात, टाकळीसारख्या ठिकाणी, काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये त्याला आणि त्याचा सोबती रॉबर्ट हंटर याला गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख, झाडांची बीजे आणि फळे दगड होऊन बसलेली दिसली. काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, हे विद्वानांना ठाऊक होते. मग आगीच्या दोन थरांमध्ये तळ्यातली गोगलगाय कशी? एका उद्रेकानंतर दुसरा उद्रेक होईपर्यंत एवढा काळ लोटला होता की मध्यंतरी तेथे तळी साचली, झाडे उगवली, प्राणी नांदले. मग पुन्हा लाव्हा आला आणि सारे झाकून गेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही हकीकत. १८५५ साली नागपूरच्या ह्या जीवाश्मांवरचा निबंध लंडनच्या भूविज्ञान सभेच्या नियतकालिकात छापला गेला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिळावर्तुळे पाहून रात्री परतत असताना पूर आलेल्या नदीत बुडून हिस्लॉपचा अंत झाला. त्याच साली नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोकांनी त्याला नाव दिले ‘अजब बंगला’. ज्या जनतेला कोणी भूविज्ञान शिकविले नव्हते, तिने पदार्थांच्या त्या साठ्याला ‘अजब’ म्हटले. आणि जे अजब वाटते त्याविषयी माणूस विचारल्याशिवाय राहत नाही.

पण मला येथे एक गोष्ट सलते. हिस्लॉप येण्यापूर्वीही ह्या टेकड्यांचा दगड फुटत होता. तो फोडणाऱ्या पाथरवटांच्या छिन्नीखाली ते शंख आलेच असणार. ‘हे काय?’ असे त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आले नसेल, असे मी मानीत नाही. त्यांना विचारायला कोणी नव्हते, आणि त्यांनी ज्याला विचारावे असाही कोणी नव्हता. हिस्लॉपपाशी लंडनला पत्र पाठविण्याची सोय होती; पाथरवटापाशी नव्हती. दोघांत अंतर होते ते एवढेच.

दुसरे उदाहरण आपल्या एम्प्रेस मिलचे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी ती सुरू केली आणि २००२ साली ती बंद झाली. ह्या गिरणीत रिंग स्पिंडलचे प्रयोग हिंदुस्थानात फार लवकर, १८८३ साली झाले. हवेत ओलावा सोडणारी यंत्रेही तिने लवकर बसविली. आता नागपूरचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर उन्हाचा तडाखा, आणि आत साचेखात्यात पाण्याचा फवारा, खिडक्या बंद, अंगाला घामाच्या धारा. साचेवाला विचारी, ‘हे पाणी कशासाठी?’ उत्तर सोपे आहे. कापसाचा धागा कोरडा पडला की ठिसूळ होतो व घर्षणाने त्यावर विजेचा भार साचतो. ओलावा मिळाला की तो बळकट होतो आणि कमी तुटतो. हे उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. धाग्याला सोसेल तेवढा ओलावा माणसाला सोसतो का? घाम वाळला तरच अंग थंड होते. हवा ओली असेल तर घाम वाळत नाही. धाग्याचे विज्ञान आणि अंगाचे विज्ञान येथे एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात. पहिला प्रश्न विचारणाऱ्याला हुशार म्हणतात. दुसरा विचारणाऱ्याला चळवळ्या म्हणतात.

ह्याच गावात १९१० च्या सुमारास चंद्रशेखर वेंकट रामन् हे सरकारी हिशेबखात्याचे अधिकारी म्हणून काही काळ होते. दिवसा सरकारचे हिशेब आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असा त्यांचा त्या काळचा क्रम. पुढे ते प्राध्यापक झाले. १९२१ साली बोटीतून येताना भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांनी विचारले, समुद्र निळा का? ते आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने सांगून ठेवले होते. रामन् यांनी खिशातल्या निकोल लोलकाने पृष्ठभागावरचे प्रतिबिंब काढून टाकून पाहिले. निळाई तशीच राहिली. म्हणजे ती पाण्याचीच होती. त्या वाटेने जाता जाता २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला आणि १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. गांधीसागर तलावासमोर १९९२ पासून उभे असलेले विज्ञान केंद्र त्यांच्या नावाचे आहे. आपल्या मुलांना तेथे न्याल तेव्हा त्यांना एवढे अवश्य सांगा की, ‘समुद्र निळा का?’ हा प्रश्न लहान मूलही विचारते. मोठ्या नावाचे उत्तर मिळाल्यावरही तो पुन्हा विचारण्याचे धैर्य रामन् यांच्यापाशी होते.

स्वातंत्र्याच्या काळात भाषेचा प्रश्न पुढे आला. डॉ. रघुवीर यांनी नागपुरात बसून हजारो पारिभाषिक शब्द संस्कृतावरून घडविले. त्यांचा व्यासंग अपार होता. आपल्या भाषांत कोणतेही शास्त्र सांगता आले पाहिजे ही त्यांची जिद्द वंदनीय होती. परंतु शब्द देताना घेणाऱ्याच्या जिभेकडेही पाहावे लागते. कामगार बॉयलरला बॉयलर म्हणतो, वाफेला वाफ म्हणतो. त्याने ‘बाष्प’ म्हटल्याशिवाय त्याचा प्रश्न शास्त्रीय ठरत नसेल तर तो गप्प बसणे पसंत करील. इंग्रजी येत नाही म्हणून जो पूर्वी गप्प होता, तो अवघड मराठी येत नाही म्हणून पुन्हा गप्प. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे उदाहरण ह्या बाबतीत मला फार मोठे वाटते. मॅट्रिकपुढे त्यांना शिकता आले नाही. शाळाखात्यात मास्तरकी करीत त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला; तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच गृहस्थांनी सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिला, तो रात्री अंगणात बसून आकाश दाखवावे अशा भाषेत. जो स्वतः विचारीत विचारीत शिकला, त्याला विचारणाऱ्याची अडचण कळते.

१९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि गावोगाव तिच्या शाखा निघाल्या. पण प्रश्नाला स्वतःच्या पायावर उभे केले ते दोन उपक्रमांनी, असे मला वाटते.

पहिला डॉ. जयंत नारळीकर यांचा. २०२५ साली ते आपल्यातून गेले. व्याख्यान संपले की मुले सहीसाठी त्यांच्याभोवती गर्दी करीत. ते म्हणत, सही अशी मिळणार नाही. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीसह येईल. किती साधी युक्ती! सही मागणारे मूल मोठ्या माणसाकडे पाहत असते. प्रश्न लिहावयास बसलेल्या मुलाला मात्र स्वतःच्या डोक्यात डोकावून पाहावे लागते. आणि पोस्टकार्डाला तिकीट, दाखला, ओळख काही लागत नाही. कोल्हापूरचा डॉक्टरचा मुलगा आणि गडचिरोलीचा शेतमजुराचा मुलगा, दोघांची पोस्टकार्डे सारख्याच आकाराची.

दुसरा उपक्रम आपल्या शेजारच्या होशंगाबाद जिल्ह्यातला. त्याला आता नर्मदापुरम् म्हणतात. तेथे १९७२ साली १६ ग्रामीण शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. मोठमोठ्या संस्थांतले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसत. त्यात ‘सवालीराम’ नावाचे एक पात्र निर्माण केलेले होते. मुलांनी सवालीरामला पत्र लिहावे, मनात येईल ते विचारावे, आणि सवालीरामने उत्तर धाडावे. सवालीराम कोणी एक मनुष्य नव्हता. अनेक जण मिळून तो झाला होता. आपले नाव पुढे न करता, खेड्यातल्या मुलाच्या नावाने उत्तर लिहीत बसणे, हे काम दिसावयास लहान आहे. पण आपल्या देशात ते फार थोड्यांनी केले आहे.

आता रविवारच्या सुटीकडे येतो. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना छातीचा एक विकार जडतो. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण चमत्कारिक आहे. आठवड्याची सुटी घेऊन माणूस सोमवारी कामावर गेला की छाती जखडते. पुढच्या दिवसांत ते कमी होते. म्हणजे रविवारची सुटी मिळाली तेव्हाच हा सोमवार वेगळा दिसण्याची सोय झाली. विश्रांती शरीराला लागते, तशी आपल्याला काय होते आहे हे कळावयासही लागते. सोमवारची ही तक्रार गिरणीकामगारांना डॉक्टरांच्या फार आधी माहीत होती. इंग्लंडातील लँकेशायरमध्ये शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दशकात नेमकी हीच खूण हाती धरून कामगारांना पद्धतशीर प्रश्न विचारले आणि त्यावरून रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. आपल्याकडेही नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात ह्या रोगाचे नाव घातले गेले. फार पूर्वी, १७०० साली, रामाझिनी ह्या इटालियन वैद्याने आपल्या धंदेबंधूंना सांगितले होते की, रोग्याला आणखी एक प्रश्न विचारीत जा: तुझा धंदा कोणता? सव्वातीनशे वर्षे होऊन गेली. आपल्या शहरातल्या किती दवाखान्यांत हा प्रश्न विचारला जातो, ते तुम्हीच आठवून पाहा.

ज्याने विचारावयाचे त्याने विचारले नाही तर एकवेळ चालेल. पण ज्याने विचारले त्याला दटावले तर काय होते? एका कारखान्यात रंगखात्यातली एक बाई सुपरवायझरला म्हणाली, ‘साहेब, पंखा लावला का वास कमी होते, पण मंग तो जाते कुठी?’ उत्तर मिळाले, ‘तुम्हाला काय करायचे आहे? काम करा.’ ही गोष्ट तिने मला युनियनच्या बैठकीत सांगितली. मी म्हणतो, तिचा प्रश्न कोणत्याही अभियंत्याने विचारावा असा होता. भिंतीवरचा पंखा वाफ नाहीशी करीत नाही. ती पातळ करतो आणि शेजारच्या खात्यात लोटतो. जेथे वाफ उठते तेथेच ती नळीने ओढून घ्यावी लागते. ह्याच नागपुरात हवा आणि पाणी तपासणारी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आहे; त्याच साली स्थापन झालेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाचे मुख्यालयही येथेच ठेवले गेले. ज्ञान गावात आहे, प्रश्न गावात आहे. दोघांची गाठ तेवढी पडत नाही.

ही गाठ न पडल्याची किंमत भोपाळने मोजली. १९८१ च्या डिसेंबरात तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला. १९८२ साली कामगारांच्या संघटनेने धोक्याचा इशारा देणारी पत्रके भिंतींवर लावली. ते काही शास्त्रज्ञ नव्हते. पण कोठे गळते आहे हे त्यांना दिसत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथिल आयसोसायनेट बाहेर पडला आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन, आपल्या आरोग्याविषयी आणि सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. म्हणजे ‘साहेब, हे काय आहे?’ असे विचारण्याचा हक्क! एवढा लहानसा हक्क कायद्यात लिहून घ्यावयाला केवढे प्रेत उचलावे लागले!

श्रोतेहो, ह्या सगळ्या हकीकतीवरून मला तीन गोष्टी दिसतात. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःची भाषा चालली पाहिजे. कोणी हसणार नाही अशी जागा पाहिजे. आणि उत्तर देणाऱ्याने, ठाऊक नसेल तर, ‘ठाऊक नाही, शोधून सांगतो’ असे म्हणण्याइतका मोठेपणा दाखविला पाहिजे. ह्यांतले एक जरी उणे असले तरी प्रश्न मनातल्या मनात विरून जातो.

म्हणून ह्या व्याख्यानमालेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. पुढल्या वर्षी एक संध्याकाळ व्याख्यानाशिवाय ठेवा. व्यासपीठावर चार जाणती माणसे बसवा: एक डॉक्टर, एक अभियंता, एक शेतीचा जाणकार, एक आकाशाचा अभ्यासक. एक पेटी आठ दिवस आधी कारखान्यांच्या दारांवर, बाजारात, शाळांत फिरवा. चिठ्ठीवर नाव घालण्याची सक्ती नको. ज्याला लिहिता येत नाही त्याची चिठ्ठी लिहून देण्यासाठी आमच्या युनियनचे दोन कार्यकर्ते मी देतो. जेवढ्या चिठ्ठ्या येतील तेवढ्या वाचा. ज्यांचे उत्तर त्या संध्याकाळी सापडणार नाही त्या जपून ठेवा आणि त्यापुढच्या वर्षी पुन्हा काढा.

 आता शंका असतील त्या खुशाल विचारा.